मेलेल्या पेशीची साक्ष: एका शोधनिबंधाची साधनचिकित्सा

१/ बखर आणि अस्सल कागद यांतील फरक इतिहासाच्या अभ्यासकास ठाऊक असतो. परंतु अस्सल कागदाचीही चिकित्सा करावी लागते. भ्रूणशास्त्राच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण म्हणजे १८८८ सालचा एक जर्मन शोधनिबंध.

२/ एका फलित अंड्यातून डोके, पाठ, पाय घडतात कसे, हा प्रश्न जुना होता. विल्हेल्म रू यांचा कयास असा, की अंडे दुभंगताना शरीर घडविणारे घटक वाटले जातात. भाऊबंदकीत जमीन वाटली जावी, तसे एका पेशीच्या वाट्याला उजवे अंग येते, दुसरीच्या वाट्याला डावे.

३/ कसोटीसाठी रू यांनी बेडकाचे दोन पेशींच्या अवस्थेतील अंडे घेतले आणि एका पेशीत तापलेली सुई खुपसली. ती पेशी मेली. उरलेलीपासून अर्धाच भ्रूण घडला. कयास सिद्ध झाला, असे रू यांनी मानले.

४/ १८९१ साली हान्स ड्रीश यांनी त्रिएस्त येथे सी अर्चिन या काटेरी सागरी जीवाच्या अंड्यांवर प्रयोग केला. त्यांनी अंडी जोराने हलवून दोन पेशी एकमेकींपासून सुट्या केल्या. अपेक्षा अर्ध्या अळीची होती. हाती आली ती आकाराने लहान, पण संपूर्ण अळी!

५/ मग खोटे कोण? दोन निबंधांचे केवळ निष्कर्ष शेजारी ठेवले तर उत्तर सापडत नाही. त्यासाठी कृती वाचावी लागते. रू यांनी पेशी मारली होती, काढली नव्हती. मेलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती.

६/ १८९५ साली टी. एच. मॉर्गन यांनी एक पेशी मारून अंडे उलटे केले, तेव्हा लहान पण पूर्ण भ्रूणही मिळाले. १९१० साली मॅक्लेंडन यांनी बेडकाच्या अंड्यातील एक पेशी शोषून काढूनच टाकली. उरलेलीपासून पूर्ण भ्रूण घडला. रू यांना दिसलेला अर्धा भ्रूण खरा होता. त्याचा लावलेला अर्थ चुकला होता.

७/ ड्रीश यांचाही निष्कर्ष प्रयोगाच्या पुढे धावला. अर्धे केले तरी पूर्ण राहील असे यंत्र असूच शकत नाही, म्हणून जीवात काही अभौतिक तत्त्व असले पाहिजे, असे ते म्हणू लागले आणि पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. पेशी शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या संकेतांनुसार आपले कार्य ठरवितात, हे विसाव्या शतकातील प्रयोगांनी दाखविले. ड्रीश यांचे निरीक्षण टिकले, ते तत्त्व टिकले नाही.

८/ म्हणून शोधनिबंध हाती आला की निष्कर्ष क्षणभर झाकून ठेवावा आणि तीन प्रश्न विचारावेत. प्रत्यक्षात काय केले? काय तसेच राहू दिले? आणि हेच फळ दुसऱ्या कोणत्या कारणाने मिळाले असते? रू यांच्या निबंधाला दुसरा प्रश्न विचारला, की मेलेली पेशी बोलू लागते.