शिडाच्या जहाजावरील संसार

गोंदिया-भंडाऱ्याच्या मुलखांत नाव म्हणजे वैनगंगेवरील डोंगा. पैलतीर आलें कीं त्याचें काम संपलें. पाण्यावर दिवसचे दिवस संसार करावा लागेल ही कल्पना तेथील शेतकऱ्यास सुचण्याचें कारण नव्हतें. परंतु महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, रत्नागिरी व सातारा या भागांतील हजारों माणसांवर एकोणिसाव्या शतकांत तोच प्रसंग आला. त्यांत नवराबायकोचीं जोडपींही होतीं.

मॉरिशस बेटांत १८३५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली आणि उंसाच्या मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर तेथें पोंचलेच होते. फसवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं सरकारला ही वाहतूक थांबवावी लागली. १८४२ च्या कायद्यानें ती पुन्हां सुरू झाली, आणि कलकत्ता व मद्रास यांच्या जोडीस मुंबई बंदरांतूनही ती चाले.

मुंबईपासून पोर्ट लुई सुमारें २,५०० सागरी मैल. हिंवाळ्यांत ईशान्येचा वारा जहाजास विषुववृत्ताच्या आसपास आणून सोडी. तेथें वारा पडे. शिडें लोंबकळत, डांबराच्या फटी उन्हानें वितळत, आणि पिण्याचें पाणी मात्र रोज मोजून कमी होत जाई. त्या पट्ट्यांतून सुटल्यावर आग्नेयेचा वारा बगलेवर घेऊन बेट गांठावयाचें. तोंपर्यंत तिकडे वादळांचा हंगाम आलेला असे.

जहाजाच्या पोटांत, दोन तक्तपोशींच्या मध्यें, मजुरांची जागा असे. पुढें पुढें नियम झाला तो असा: एकटे पुरुष नाळेकडे, एकट्या स्त्रिया वरामाकडे, आणि जोडपीं मध्यें. कागदावर ही वांटणी नीटनेटकी दिसते. प्रत्यक्षांत हातभर पलीकडे दुसरें कुटुंब. ज्या स्त्रीनें माजघराबाहेर परक्यासमोर डोक्यावरचा पदर ढळूं दिला नाहीं, तिनें तेथेंच निजावयाचें, तेथेंच मूल पाजावयाचें आणि तेथेंच ओकाऱ्या काढावयाच्या. चूलही तिच्या हातीं नव्हती. खलाशांच्या बोलींत ज्यास भंडारी म्हणतात तो सर्वांचें अन्न एकत्र शिजवी: तांदूळ, डाळ, थोडें तूप, मीठ, हळद, चिंच. जातीच्या विटाळाचा प्रश्न बहुतेकांच्या बाबतींत भुकेनेंच सोडविला. वादळांत चूल विझवीत. मग पोहे आणि भाजलेले चणे.

रोगाचें भय याहून मोठें. जानेवारी १८५६ मध्यें कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ व ‘फत्ते मुबारक’ या जहाजांवर पटकी होती. उतारूंना गॅब्रिएल या ओसाड बेटावर उतरविण्यांत आलें; तेथें अडीचशेंहून अधिक माणसें मेलीं. बेटावरून मॉरिशसचे डोंगर दिसतात.

यांतील सर्वच जोडपीं गांवाहून लग्न लावून निघालेलीं नव्हतीं. कांहींची गांठ मुंबईच्या डेपोंत, कांहींची जहाजावरच पडली. एकट्या बाईस त्या गर्दींत कोणाची तरी बायको असणें सोयीचें होतें, आणि तिला नांवें ठेवणाऱ्यांनीं ती जागा पाहिलेली नव्हती. पण उतरल्यावर निराळाच पेंच उभा राही. बेटावर फ्रेंच वळणाचा दिवाणी कायदा चाले. नोंदणीवांचून केवळ धर्मविधीनें झालेलें लग्न त्यास मान्य नव्हतें. जहाजानें जिला पत्नी म्हणून मधल्या जागेंत निजविलें, ती कायद्याला पत्नी ठरत नसे. तिचीं मुलें औरस ठरत नसत. १८५० नंतरच्या दशकांत स्थलांतरितांच्या संरक्षकापुढें लग्न जाहीर करण्याची सोय झाली. ज्यांना ती कळली त्यांचें साधलें.

पोर्ट लुई येथील उतारघाट १८४९ मध्यें बांधला गेला. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात, व २००६ पासून तो जागतिक वारसास्थळांत गणला जातो. धक्क्यावरून वर जाण्यास पायऱ्या आहेत. वर कारकून बसे. नवऱ्यास एक क्रमांक, बायकोस दुसरा; मग बापाचें नांव, जात, गांव, उंची, अंगावरील खूण, जहाज. मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत या वह्या जतन केल्या आहेत. बाईनें आपलें नांव कसें सांगितलें तें त्यांत नाहीं. कारकुनास जसें ऐकूं आलें तसें तें आहे, आणि पुढें मळ्यावर, कोर्टांत व मुलांच्या जन्मनोंदींत तेंच चाललें.