तारीख नसलेला नकाशा

भूगोलाच्या तासाला सरांनी टेबलावर होकायंत्र ठेवले की आपण बाक सोडून भोवती गर्दी करायचो. सुई थरथरत थांबायची आणि सर म्हणायचे, "ही उत्तर दिशा." परीक्षेपुरते तेवढे पुरेसे होते. खाणीत मात्र ते पुरत नसे, हे मला पुढे नोकरीत असताना वाचनातून कळले.

इंग्लंडच्या खाणींत पूर्वी मोजणीसाठी 'मायनर्स डायल' नावाचे यंत्र असे. तिपाईवर बसवलेली पितळी डबी, आत अंशांचे वर्तुळ आणि चुंबकसुई, दोन बाजूंना नजर धरण्यासाठी फटी असलेल्या उभ्या पट्ट्या. जमिनीखाली ना सूर्य, ना खुणेचे झाड. एक जण पुढे मेणबत्ती धरी, दुसरा फटीतून ज्योत पाहून सुईचा अंश वाची, मग साखळीने अंतर मोजत. अशा एकेका वळणाची नोंद कागदावर उतरली की खाणीचा नकाशा तयार होई. १८५० च्या सुमारास जॉन हेडली यांनी या पट्ट्या झुकवता येतील अशी सोय केली आणि उताराच्या बोगद्यातली मोजणी सोपी झाली.

या सुईला दोन खोडी होत्या. जवळ लोखंडी रूळ असले की ती बहके. दुसरी खोड अधिक छुपी. चुंबकीय उत्तर स्वतःच सरकत असते. लंडनमध्ये १५८० साली सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे ११ अंश पूर्वेला झुके, तर १८२० च्या सुमारास २४ अंश पश्चिमेला. जुन्या नकाशावर साल नसेल आणि त्यामुळे दिशा ७ अंशांनी चुकली, तर ३०० मीटरवर सुमारे ३७ मीटरचा फरक पडतो. पलीकडे जुनी, पाण्याने भरलेली खाण असेल तर हा फरक जिवावर बेततो.

असे पाणी काय करते, ते ३ मे १८१५ रोजी न्यूकॅसलजवळच्या हीटन खाणीत दिसले. शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीतले पाणी भिंत फोडून आत घुसले. ७५ माणसे आणि मुले गेली. जुन्या खाणीची हद्द नेमकी कुठवर, हे सांगणारा भरवशाचा नकाशा हाताशी नव्हता. बंद खाणींचे नकाशे सरकारजमा करण्याची सक्ती तिथे १८७२ च्या कायद्याने आली.

आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला खाणीत पाणी शिरले आणि साडेतीनशेहून अधिक कामगार दगावले. 'काला पत्थर' आपण सर्वांनी पाहिला, त्यामागे हीच घटना होती.

मित्रहो, या स्मरणिकेसाठी जुने फोटो काढाल तेव्हा मागे साल जरूर लिहा. साल लिहायला क्षणभर लागतो. पण पन्नास वर्षांनी तो कागद हाती घेणाऱ्याला विचारायला आपण नसतो.