नऊ सव्वीसची गाडी

२२ जून २०१६, बुधवार. छावणीत तुम्ही चहा सांगता. गुरुवारचा बाजार उद्यावर आलाय. पाट्यांवर अजून औरंगाबादच आहे. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेण्याचा उन्हाळा नुकताच सरलाय, त्यामुळे हॉटेलात ज्याच्या त्याच्या तोंडी पाऊसच. टीव्हीवर उलटी मोजणी चाललीय. चहा येईस्तोवर तुम्ही जागेवर नसता.

तुम्ही श्रीहरिकोट्यात, ४४ मीटर उंच पीएसएलव्हीच्या शेंड्याशी, बंद टोपणाच्या आत. काळोखात शेजारी ७२७ किलोचा कार्टोसॅट उपग्रह. बाकीचे १९ दाटीवाटीने बसलेले. त्यांतले १३ अमेरिकेचे, भाडं भरून आलेले. त्यातही १२ एकाच कंपनीचे, पृथ्वीचे फोटो काढणारे. आणि कोपऱ्यात किलोभरही नसलेला 'स्वयं', पुण्याच्या सीओईपीच्या पोरांनी बनवलेला. एक तुकडी पास होऊन गेली की काम पुढचीच्या गळ्यात, असं २००८ पासून चाललेलं.

९:२६. बूड हादरतं. दोन मिनिटांच्या आत पहिला टप्पा गळून पडतो आणि खाली 'विकास' इंजिन पेटतं. ही इंजिनं विक्रोळीला गोदरेजमध्ये घडतात, हे ठाऊक असलं की हादरे जरा आपले वाटतात! तिसऱ्या मिनिटाला टोपण उघडतं. लख्ख ऊन, वर काळं आकाश. श्रीलंकेला वळसा घालून गाडी दक्षिणेला निघालेली.

साडेसोळा मिनिटांनी उंची ५०८ किलोमीटर. कार्टोसॅट आधी उतरतो, मग एकेक करत बाकीचे. एकमेकांवर आदळू नयेत म्हणून सोडण्याच्या वेळा आणि दिशा आधीच ठरलेल्या. 'स्वयं'ला तोंड वळवायला ना चाकं, ना इंधन. पोटात एक चुंबक. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र नेईल तसं वळायचं, आणि हौशी रेडिओवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे. भाडेकरूंच्या कॅमेऱ्यांपुढे हे किरकोळ वाटेल. मला विचाराल तर त्या गाडीतली सगळ्यात हुशार काटकसर हीच.

दहाएक मिनिटांत सगळे उतरले. तुम्ही मात्र रिकाम्या चौथ्या टप्प्यावरच थांबा. इंजिन विझलंय, पण इस्रोला ते अवकाशात पुन्हा पेटवून बघायचंय. ते पेटतं, पाच सेकंद. मग आणखी एकदा, तेवढंच. २६ सप्टेंबरला आयआयटी मुंबईचा 'प्रथम' घेऊन जाणारी गाडी याच युक्तीवर एका फेरीत दोन वेगळ्या कक्षांत उपग्रह सोडणार आहे.