मॅग्नस: नाव ठेवणारा कवी

साल 1024. नॉर्वेचा राजा ओलाफ हॅराल्डसन गाढ झोपला होता आणि त्याच रात्री आल्फहिल्ड बाळंत झाली. राजाची दासी म्हणून ओळखली जाणारी ही बाई. बाळात धुगधुगी होती की नाही, तेच कळेना. बाप्तिस्म्याआधी ते गेलं तर? पुरोहित घाबरला. पण राजाला उठवायची सक्त मनाई. शेवटी दरबारी कवी सिग्वात म्हणाला, मी जबाबदारी घेतो, आणि त्यानं मुलाचं नाव ठेवलं मॅग्नस.

सकाळी ओलाफ भडकला. हे कसलं नाव? आपल्या कुळात असं कुणी नाही! तिथेही गेलेल्या आजा-पणज्याचंच नाव मुलाला द्यायची रीत होती, आपल्याकडच्या कितीतरी घरांसारखी. सिग्वातचं उत्तर सरळ होतं: मला ठाऊक असलेल्या सर्वांत थोर माणसाचं, कार्लामॅग्नूसचं नाव मी दिलं. म्हणजे आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला सम्राट शार्लमेन, मृत्यू 814. ही हकीकत आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं तेराव्या शतकात लिहून ठेवली.

गंमत अशी की सम्राटाचं खरं नाव कार्ल. ‘मॅग्नुस’ हे लॅटिन विशेषण, अर्थ ‘थोर’. आपल्या ‘महत्’चं ते सख्खं भावंड; ‘महाराज’मधला ‘महा’ याच मुळातला. कार्ल मागे राहिला आणि बिरुदाचं नाव झालं. या मॅग्नसला धरून नॉर्वेत सात मॅग्नस राजे झाले. स्वीडनमध्ये या नावाचं मोन्स झालं, डेन्मार्कमध्ये मोगेन्स, आयर्लंडमध्ये मानुस. 2013 साली चेन्नईत आनंदकडून बुद्धिबळाचं जगज्जेतेपद घेणारा कार्लसन याच नावाचा.

पण मला भावतो तो सिग्वात. ओलाफ 1030 मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत पडला. 1035 मध्ये अकरा वर्षांचा मॅग्नस गादीवर आला आणि पुढे बापाविरुद्ध लढलेल्या शेतकऱ्यांची मालमत्ता हिसकावू लागला. देश बंडाच्या काठावर आला. राजाला सांगणार कोण? दरबाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी निघाली सिग्वातची. त्यानं राजाला कविता ऐकवली, तिला ‘स्पष्टोक्तीची कडवी’ म्हणतात. शेतकऱ्यांची वतनं लुबाडणं थांबव, जुने कायदे पाळ, असं त्यानं तोंडावर सांगितलं. ज्यानं नाव ठेवलं होतं, त्यानंच आता नावं ठेवली. मॅग्नसनं ते ऐकून घेतलं, हात आवरला, आणि लोक त्याला ‘भला मॅग्नस’ म्हणू लागले.