दगडाचे कापड आणि त्याचे विणकर

१/
मुंबईहून निघालेला लोहमार्ग बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडच्या कापसाला बंदराची वाट मिळाली. पुढे बडनेऱ्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापडगिरणीही आली. त्या काळी रेल्वे काय नि गिरण्या काय, साऱ्यांना चालवीत होती ती वाफ.

२/
बॉयलरच्या उघड्या लोखंडातून उष्णता निसटते, कोळसा वाया जातो, माणूस भाजतो. म्हणून बॉयलरला आणि वाफेच्या नळांना उष्णतारोधक आवरण घालीत. त्यासाठी जगभर रूढ झालेला पदार्थ म्हणजे ॲस्बेस्टॉस.

३/
हे खनिज, पण त्याचे तंतू सुटतात आणि त्यांचे कापड विणता येते. आगीत न जळणारे ‘सॅलॅमँडर’चे कापड प्राण्यापासून नव्हे, तर डोंगरातून खणलेल्या तंतूंपासून बनते, हे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवले होते.

४/
हा तंतू निसरडा. त्याचा पीळ एकट्याने टिकत नाही. म्हणून कातताना त्यात थोडा कापूस मिसळीत. न जळणाऱ्या कापडाला आधार जळणाऱ्या कापसाचा! पिंजणे, कातणे, विणणे ही कामेही कापडगिरणीसारखीच. इंग्लंडमधील रॉचडेल या सुती गिरण्यांच्या गावी हा उद्योग रुजला, तो उगीच नव्हे.

५/
मात्र पिंजताना उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात. रॉचडेलची कामगार नेली केर्शॉ १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, याच आजाराने मरण पावली. ब्रिटनमध्ये धुळीवर नियंत्रण आणणारे नियम १९३१ मध्ये झाले.

६/
रॉचडेलच्या त्या कंपनीतून घडलेल्या ‘टर्नर अँड न्यूऑल’ समूहाचा भारतातील कारखाना म्हणजे घाटकोपरचा ‘हिंदुस्थान फेरोडो’, पुढचा ‘हिंदुस्थान कंपोझिट्स’. तेथे दीर्घकाळ राबलेल्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा पाचांपैकी सुमारे एकाला ॲस्बेस्टोसिस आढळला. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

७/
त्याआधी, २७ जानेवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. बाधिताला १ लाख रुपये भरपाई, आणि आरोग्यनोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती संपल्यावर १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर जपाव्यात, असा आदेश दिला. इतकी मुदत अशासाठी, की हा आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो.

८/
आता अशी आवरणे बहुधा काचतंतूंची असतात. तरीही जुन्या गिरण्यांचे अवशेष पाहायला जाणाऱ्यांनी नळांवरचे करडे, विरलेले कापड ओढून पाहू नये. वाफ केव्हाच थंडावली. त्या कापडातली धूळ मात्र अजून घातकच आहे.