मध्यरात्रीचे सोनेगाव

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे सांगताना आपण शून्य मैलाच्या खांबाकडे बोट दाखवतो. पण मध्यावर असणे वेगळे आणि मध्यस्थ होणे वेगळे. पहिली गोष्ट भूगोलाने दिली, दुसरी एका वेळापत्रकाने.

जानेवारी १९४९च्या अखेरीस रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने सोनेगावला उतरत. थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि सकाळच्या आत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून साधी पत्रेही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली.

चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. नागपूरमार्गे चार पुरतात. शहरे दहा झाली तर हाच हिशेब ४५ आणि १० असा होतो. दिल्लीचे पत्र नागपूरमार्गे मुंबईला नेणे म्हणजे वळसा घालणे, हे खरे. पण टपालाचा वेळ नुसता अंतरात जात नाही, सोय होण्याची वाट पाहण्यातही जातो. इथे विमान रोज निघणारच होते आणि त्यात सगळ्यांच्या थैल्यांना जागा होती.

आजच्या संगणकजाळ्यातला प्रॉक्सी सर्व्हर हेच करतो. दूरच्या सर्व्हरकडून काही मागवण्याआधी त्याच्याशी जोडणी करावी लागते. ओळखीची एक फेरी, सांकेतिक कुलूप ठरवण्याची निदान एक आणि मग प्रत्यक्ष मागणीची एक. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १० हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास किमान ०.१ सेकंद आणि तीन फेऱ्यांना ०.३. वाचकाजवळचा प्रॉक्सी दूरच्या सर्व्हरशी केलेली जोडणी तोडत नाही. तीच अनेकांच्या मागण्यांसाठी पुन्हा वापरतो. लांबच्या तीन फेऱ्यांची एक होते. १९९७ साली एचटीटीपी १.१ने जोडणी उघडी ठेवणे हाच नेहमीचा नियम केला. अंतर तेवढेच राहिले, नव्याने ओळख करून घेण्याचा वेळ वाचला.

मध्यस्थाची किंमतही असते. एका विमानाला उशीर झाला, तर बाकीच्या तिघांनी थांबायचे की त्या शहराचे टपाल मागे ठेवून निघायचे? प्रॉक्सी अडला की त्याच्यामागचे सगळेच अडतात. सोनेगावने तर याहून मोठी किंमत मोजली. १२ डिसेंबर १९५३च्या रात्री मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि १३ माणसे गेली. देशाला सकाळी पत्र मिळावे म्हणून कुणीतरी रोज रात्र जागवत होते, एवढे तरी त्या अपघाताने लक्षात राहावे.

१९७३ साली ही सेवा थांबली. त्याच वर्षी अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेसने देशभरची पार्सले रात्री मेंफिस शहरात आणून तिथून वाटण्यास सुरुवात केली आणि ती पद्धत जगभर नावाजली गेली. नागपुरात ती २४ वर्षे आधी चालू झाली होती.

आज मिहानच्या निमित्ताने नागपूर पुन्हा मालवाहतुकीचे केंद्र होऊ पाहत आहे. नकाशावरची जागा कुणी हिरावून घेणार नाही. पण मध्यस्थपण रोज रात्री ठरल्या वेळी निभवावे लागते. ते सोडले की मागे फक्त खांब उरतो.