जित्याची खोड आणि जहांगिराचे सहा प्याले

दौलताबादचा किल्ला पाहून आलेल्या माणसाला दुसरे काही आठवो न आठवो, ‘अंधारी’ आठवतेच. खंदक ओलांडल्यावर बालेकिल्ल्याकडे नेणारा हा कातळात खोदलेला वळणावळणाचा भुयारी मार्ग. शत्रू आत शिरलाच, तर वरच्या तोंडाशी लोखंडी शेगडी पेटवून भुयारात धूर कोंडायचा, अशी तेथली तजवीज सांगतात. तलवार म्यानात ठेवून माणसाचा श्वास बंद करण्याची ही युक्ती.

त्याच दख्खनच्या मुलखातून सतराव्या शतकाच्या आरंभी आणखी एक धूर उत्तरेकडे निघाला. त्याला मात्र कोणी शत्रू मानले नाही. तो थाटामाटाने, तबकात बसून गेला.

अकबराचा वकील असद बेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेली तंबाखू तेव्हा विजापुरास माहीत झाली होती. असद बेगने ती बरोबर घेतली, एक रत्नजडित चिलीम सजवली आणि चांदीच्या तबकात घालून बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने एकदोन झुरके घेतले. तोच दरबारी हकीम पुढे झाला आणि त्याने बादशहाला आवरले. त्याचे म्हणणे साधे होते : ही वस्तू आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत नाही, आपल्याकडे कोणी पारखलेली नाही, तेव्हा बादशहांना ती कशी द्यावी? असद बेगने उलट युक्तिवाद केला की प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच असतो. बादशहाला हे बोलणे आवडले. त्याने स्वतः तंबाखूची सवय लावून घेतली नाही. पण उमरावांना ती आवडली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि वाद हकीम हरला. आपल्याकडच्या तंबाखूच्या इतिहासात वैद्याने दिलेला हा बहुधा पहिला इशारा. तो खोटा नव्हता, हे कळायला साडेतीनशे वर्षे लागली.

अकबराच्या मुलाने दुसरा मार्ग धरला. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. इराणच्या शाह अब्बासनेही तशीच बंदी घातली होती. पण त्याच शाहकडे जहांगिराचा वकील म्हणून गेलेला खान आलम क्षणभरही तंबाखूशिवाय राहू शकत नसे. ही गोष्ट शाहच्या कानी गेली, तेव्हा त्याने रागावण्याऐवजी एक शेर लिहून पाहुण्याला मोकळीक दिली! हे सारे जहांगिराने आपल्या आत्मचरित्रातच नोंदले आहे. बड्या माणसासाठी सवलत आणि रयतेसाठी हुकूम, अशा बंदीचे जे व्हायचे तेच झाले. पुढे तंबाखू शेतात पिकली, बिदरी कलाकुसरीचे हुक्के दिवाणखान्यांत मिरवू लागले.

परंतु त्याच आत्मचरित्रात दुसरीही एक कथा आहे. शहजादा असताना जहांगीर दोनदा गाळलेल्या कडक दारूचे रोज वीस प्याले पीत असे. हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने धरावा लागे. तेव्हा हकीम हुमामने आडपडदा न ठेवता सांगितले की असेच चालले, तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही. जिवाची ओढ कोणाला नसते? शहजाद्याने त्या दिवसापासून कमी करायला सुरुवात केली. कडक दारूत द्राक्षाची सौम्य दारू मिसळली, मात्रा उतरवत नेली, आणि सात वर्षांनी वीस प्याल्यांचे सहा झाले. तो निर्व्यसनी झाला नाही, हे खरे. पण जे बादशाही फर्मानाला रयतेच्या बाबतीत जमले नाही, ते एका वैद्याच्या स्पष्ट शब्दाने आणि हळूहळू उतरत्या मात्रेने एका माणसाच्या बाबतीत बरेचसे जमले.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण फार सहज वापरतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरी ती वापरणे तर क्रूरच होय. धुरातला निकोटीन नाडीची गती व रक्तदाब वाढवतो, कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. उलट, झटक्यानंतर विडी-सिगारेट सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असतो, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतके मोठे फळ देणारी औषधे थोडीच आहेत.

आता फर्मानांचेही दिवस बदलले. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापण्याचा कायदा १९७५ मध्ये झाला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. २००३ मध्ये व्यापक कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर आणि २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. ही फर्माने खान आलमलाही सोडत नाहीत, निदान कागदावर तरी.

पण हकीम हुमामचे काम कोण करणार? २००२ मध्ये देशात तंबाखूमुक्तीची तेरा केंद्रे सुरू झाली. २०१६ पासून १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. निकोटीनचा गम आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधे आहेत. म्हणजे उतरत्या मात्रेची तीच जुनी रीत, आता शास्त्राच्या पायावर. तरी रुग्णालयातून घरी सोडताना औषधांचा कागद हातात पडतो, आणि तंबाखूविषयी मात्र ‘सोडून द्या हं’ एवढ्या दोन शब्दांत काम उरकते. प्रत्येक भेटीत विचारावे, स्पष्ट सांगावे, दिवस ठरवून द्यावा, पुढल्या भेटीत चौकशी करावी. एवढे झाले तरी पुष्कळ. शिवाय २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे सुमारे सत्तावीस जण तंबाखू घेत होते आणि ओढणारे त्यांत चारच होते. तेव्हा डॉक्टरांनी विचारताना डबीतल्या चुन्या-तंबाखूलाही विसरू नये.

आणि घरच्यांनी? दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत काका किंवा आजोबा अंगणाच्या कोपऱ्यात हळूच काडी ओढताना दिसले, तर म्हण ऐकवू नका आणि चारचौघांत टोचूनही बोलू नका. त्यांनी आठ दिवस सोडून नवव्या दिवशी पुन्हा धरली असेल, तर त्या आठ दिवसांचे कौतुक करा आणि पुन्हा दिवस ठरवा. जहांगिरालासुद्धा सात वर्षे लागली होती.